तांबडे किती, तपकिरी किती

२ ऑगस्ट

आजपासून ही दुसरी वही. पहिली प्रयोगवही, ती मॅडमना दाखवायची. ही कुणालाच नाही. विभागप्रमुख मॅडमनी ऑनर्सच्या आम्हा सहा जणांना पहिल्याच तासाला सांगितलं, "एक वही शंकांची ठेवा. वर्गात विचारायला लाज वाटते ते तिच्यात लिहा." माझ्या शेजारच्या मुलीनं लगेच विचारलं, "किती पानी, मॅडम?" तीच माझी जोडीदार निघाली. उंच, सडसडीत आणि बोलणंसुद्धा मिलिमीटरमध्ये. मी मनातल्या मनात तिचं नाव मोजपट्टी ठेवलं आणि दुपारपर्यंत ते तोंडातून निसटलं. तिनं ते चालवून घेतलं, पण बदल्यात मला 'साहेब' म्हणायला लागली.

नियम लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यात राहतील. सत्राअखेर प्रकल्प मंजूर झाला तरच ऑनर्समधली जागा टिकते, नाहीतर परत साध्या वर्गात. प्रकल्पात प्रत्येकानं स्वतःच मोजायचं. शेवटची मोजणी मात्र त्याच दिवशी दुसऱ्या कुणीतरी तपासायची, तिला इथे फेरमोजणी म्हणतात. शंभरात एकापेक्षा जास्त चूक निघाली की प्रकल्प नामंजूर. वहीत खाडाखोड चालत नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे.

आईला फोन केला. म्हणाली, "माश्या मोजायला एवढं शिकावं लागतं होय?" आणि लगेच, "पण तू मोज. तू नीट मोजशील." आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं फाटकसुद्धा ओलांडलेलं नाही. ऑनर्स म्हणजे काय ते तिला धड माहीत नाही, पण शिवायला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगून झालंय. बाबा गेल्यापासून शिलाई मशीन आणि मी, एवढंच तिचं जग आहे. मशीन तरी कधी बिघडत नाही.

९ ऑगस्ट

रसायनशास्त्रानं पहिल्याच आठवड्यात तोंडाला फेस आणला. टायट्रेशन. वरच्या नळीतून थेंब थेंब सोडायचं आणि खालच्या पाण्याला फिकट गुलाबी झाक आली की थांबायचं. सगळे थांबले, मी चालूच. सर येऊन म्हणाले, "रंगाचं दुकान काढायचंय का?" मी म्हटलं, आत्ता कुठे झाक आलीय. वर्ग हसला. चारदा केलं आणि चारही वेळा थेंब जास्त झाले.

भौतिकशास्त्रात चिमुकल्या रोधांवरचे, म्हणजे रेझिस्टरवरचे, रंगीत पट्टे वाचून किंमत लिहायची होती. तक्ता मला उलटासुलटा पाठ आहे. सहांपैकी दोन बरोबर आले. सर म्हणाले, घाई करतोस. खरंय, मी घाई करतो. आई एका फटक्यात सुईत दोरा ओवते आणि तिच्या पोटी हा असा धांदरट.

१८ ऑगस्ट

माश्या आल्या. फळांवर घोंघावतात त्या, तिळाएवढ्या. प्रयोगशाळेतले काका त्यांना केळ्याच्या लगद्यावर वाढवतात. बत्तीस वर्षं हेच करतायत आणि बोलतात ते फक्त माश्यांशी.

मोजपट्टीकडे पंख आणि माझ्याकडे डोळे. तांबड्या डोळ्यांची माशी आणि तपकिरी डोळ्यांची माशी एका बाटलीत ठेवायची. पहिली पिढी सगळी तांबड्या डोळ्यांची होते. त्यांची जी पिल्लं होतील त्यांत तिनास एक असं पडायला हवं, तीन तांबड्या तर एक तपकिरी. शंभर वर्षं जगभर असंच पडत आलंय. मला फक्त ते मोजून दाखवायचंय. मोजपट्टी म्हणाली, "साहेबांना सोपं काम मिळालं." मलाही तसंच वाटतंय.

२७ ऑगस्ट

मामा आला होता, आईनं दिलेलं गाठोडं घेऊन. मामाचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे आणि दुकानापेक्षा गप्पा जास्त चालतात. गाठोड्यात नवे चार सदरे आणि चार पँटी. प्रत्येकाच्या आत आईनं आकडे शिवलेत, एक ते चार. एकवर एक, दोनवर दोन असं घालायचं. लहानपणापासून ती असंच करते. शिंपिणीचं पोर, माझ्या अंगावरसुद्धा माप. मी परवा जुन्या कपड्यांतला तीनवर एक घालून गेलो तर मोजपट्टी दारातच थांबली आणि म्हणाली, "साहेब, आज अंधारात कपडे घातलेत का?"

मामाला प्रयोगशाळा दाखवली. काकांनी माश्यांसाठी केळी आणायला सांगितली होती, ती आम्ही दोघं मिळून आणली, चांगली पिकलेली बघून. काकांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "ही पिकायला आणखी आठ दिवस." मामा मोठ्यानं हसला. घरीही तो टोमॅटो आणायला गेला की कच्चेच आणतो आणि आई दर वेळी डोक्याला हात लावते. जाताना मामा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाच्या, फार जीव लावू नकोस या माश्यांना." का म्हणाला कोण जाणे.

१६ सप्टेंबर

पहिली मोजणी. माश्यांना ईथर हुंगवून गुंगवायचं, काचेवर ओतायचं आणि बारीक कुंचल्यानं एकेक बाजूला सारायची. मायक्रोस्कोपमधून ते डोळे केवढे मोठे दिसतात. काही गडद असतात, त्या तपकिरी हे मला लगेच कळतं. बाकीच्यांचं बघत बसावं लागतं.

तांबड्या ९४, तपकिरी ११. हे तिनास एक नाही, नवास एकपण नाही. पुन्हा मोजल्या तर ८८ आणि १७. तिसऱ्यांदा मोजेपर्यंत त्या शुद्धीवर येऊन उडायला लागल्या. काका खिडक्या लावत धावले आणि अख्ख्या सत्रात प्रथमच मला उद्देशून काहीतरी बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

२९ सप्टेंबर

पाच बाटल्या झाल्या. प्रत्येक वेळी तपकिरी कमी. आईला सांगितलं तर तिनं एकदम शिवण थांबवली, मशीनचा आवाज बंद झालेला मला फोनवर कळला. "कशावरून मोजायच्या असतात त्या?" डोळ्यांच्या रंगावरून, मी म्हटलं. "दुसरं काही नाही का मोजता येत? पाय वगैरे?" मला हसूच आलं. म्हटलं, आई, सगळ्यांना सहाच पाय असतात. ती म्हणाली, "बघ बाबा. मॅडमना विचारून बघ." तिला वाटतं विज्ञान म्हणजे परकराचा घेर, पसंत नसेल तर बदलून देतात.

५ ऑक्टोबर

सापडलं. दोन दिवस जेवणाचंही भान नव्हतं. तपकिरी डोळ्यांच्या माश्या कमी दिसतात कारण त्या कमी जगतात. अळीची माशी व्हायच्या आतच त्यांतल्या निम्म्याहून जास्त मरत असणार. मला गडदच तेवढ्या सापडतात, म्हणजे धडधाकट, नीट वाढलेल्याच तेवढ्या उरतात. सहा पानं लिहिली, आलेख काढला. मोजपट्टी वाचून म्हणाली, "मेलेल्या अळ्या कुठायत?" मी म्हटलं, तुला हेवा वाटतोय. ती म्हणाली, "हेवा नाही, अळ्या विचारतेय." आणि पंख मोजायला निघून गेली.

१० ऑक्टोबर

मॅडमनी माझी सहा पानं वर्गात वाचून दाखवली. "हे बरोबर आहे की नाही ते पुढे कळेल," त्या म्हणाल्या, "पण आकडे वेडेवाकडे आले म्हणून ह्यानं ते गुपचूप सरळ केले नाहीत. हे मला आवडलं." माझे पाय जमिनीवर नव्हते. आईला फोन केला. ती रडायलाच लागली. आनंदानं रडत असेल, पण विचारलं एवढंच, "जेवलास का?"

२० ऑक्टोबर

आज फेरमोजणीची रंगीत तालीम होती. नव्वद माश्या. मी ८१ तांबड्या आणि ९ तपकिरी काढल्या. मग मोजपट्टी बसली. कुंचला टकटक चालला होता. ६७ आणि २३.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, तुला पंखांची सवय, डोळ्यांतलं तुला काय कळतंय. ती भांडली नाही. तिनं सात माश्या काचेवर एका ओळीत ठेवल्या आणि म्हणाली, "सांग." मी सांगितलं. तिनं लिहून घेतलं, क्रम बदलला आणि पुन्हा म्हणाली, "सांग." असं चारदा झालं. मग कागदाकडे बघत बसली. मी विचारलं, काय झालं? "दर वेळी तू वेगळ्याच माशीला तपकिरी म्हणतोयस," ती म्हणाली. नेहमीसारखं टोचून नाही, अगदी हळू आवाजात.

काका टेबल पुसत होते. त्यांनी फडकं ठेवलं, कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं आणि माझ्यापुढे धरलं. पानभर ठिपकेच ठिपके. "आकडा सांग," म्हणाले. मी म्हटलं, कसला आकडा? ठिपके तर आहेत. मोजपट्टीनं तोंडावर हात ठेवला. काका म्हणाले, "सत्तेचाळीस लिहिलंय, पोरा." पुढचं पान उलटलं, त्याच्यापुढचं उलटलं. सगळीकडे नुसते ठिपके.

२१ ऑक्टोबर

कालचं अजून पचलेलं नाही. तांबडा, तपकिरी, हिरवा यांच्यातला काही फरक मला दिसतच नाही, एवढंच. इतर सगळं लख्ख दिसतं. टायट्रेशन, रोधांवरचे पट्टे, केळी. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात, मी तर अंगणावर सहा पानांचा प्रबंध लिहिला.

हे आईकडून मुलाला येतं. हे मी परीक्षेत दोनदा लिहून पैकीच्या पैकी गुण घेतलेत. आईला स्वतःला सगळे रंग दिसतात, ती नुसती पुढे पोचवते. तिच्या भावालाही असू शकतं. हे लिहिता लिहिता पेन थांबलं. मामा. कच्चे टोमॅटो. सदऱ्यांतले आकडे. लहानपणी माझ्या प्रत्येक रंगखडूला कागद गुंडाळलेला असायचा आणि त्यावर आईच्या अक्षरात रंगाचं नाव. मला वाटायचं सगळ्यांच्याच आया असं करतात.

फोन केला. विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "तू सहा वर्षांचा होतास तेव्हापासून." मी फोन ठेवून दिला.

२९ ऑक्टोबर

आठ दिवस आईशी बोललो नाही. ती रोज फोन करते, मी उचलत नाही. मला राग कसला आलाय तेही कळत नाही. न दिसण्याचा नाही. तिनं मला चौदा वर्षं खोटं जग शिवून दिलं, मापात, कुठेही न टोचणारं, आणि मी ते घालून ऐटीत हिंडलो. माझं पितळ उघडं पडलं ते माश्यांसमोर.

आज मॅडमकडे गेलो. सगळं सांगितलं आणि सहा पानांवर त्यांच्यासमोर एकेक रेघ मारली. त्या बघत होत्या. म्हणाल्या, "सिद्धांत चांगला होता. माश्यांना मान्य नव्हता." मग चष्मा काढला. "तुझ्यासाठी दुसऱ्यानं मोजलेलं मला चालणार नाही. नियम मी केलेला नाही, पण मोडणारही नाही. जमा करायची तारीख वीस नोव्हेंबर. तोपर्यंत तुला काय करायचं ते तू ठरव."

बाहेर आलो तर मोजपट्टी जिन्यात बसली होती. म्हणाली, "माझे आकडे घे. नव्वद माश्या मी मोजल्यात, आणखी मोजून देते. कुणाला कळणार?" मी म्हटलं, तुला कळेल. ती लाजली की चिडली ते मला ओळखता आलं नाही. गाल लाल होतात म्हणे माणसांचे, तो तर माझा विषयच नाही. हे तिला सांगितल्यावर मात्र ती हसली, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा मीही हसलो.

१ नोव्हेंबर

मामा आला. न कळवता, सरळ दारात. "उचल की फोन तिचा," म्हणाला. मग त्यानं चहा मागवला आणि मला कधीच न सांगितलेलं सांगितलं.

त्याला आगगाडीचं इंजिन चालवायचं होतं. लेखी परीक्षेत पहिला आला. डॉक्टरनं तेच ठिपक्यांचं पुस्तक पुढे केलं आणि सगळं संपलं. "दोन वर्षं मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो," मामा म्हणाला. "तुझी आई तेव्हा सतरा वर्षांची. मला जेवायला उठवायची ती. उठलो नाही तर तिथेच बसून भरवायची. पुढे तू झालास. सहा वर्षांचा असताना तिनं मागितलेल्या रिळाऐवजी तू दुसरंच आणून दिलंस. तेव्हा ती माझ्या दुकानात येऊन रडली होती. म्हणाली, माझ्या पोराला ते पुस्तक कुणी दाखवता कामा नये."

मी म्हटलं, पण तिनं सांगायला हवं होतं. "हवं होतं," मामा म्हणाला. "तिचं चुकलंच. मीही तिला तेच सांगत आलो. पण तू भिंतीकडे तोंड करून पडलेला तिला बघायचा नव्हता, बस." चहा गार झाला तरी दोघंही प्यायलो नाही.

मामा गेल्यावर आईला फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, जेवलीस का? ती म्हणाली, "आता जेवीन."

६ नोव्हेंबर

काकांनी पहिल्या पिढीच्या दोन बाटल्या फेकल्या नव्हत्या. थंड कपाटात ठेवल्या होत्या. का ठेवल्या असं विचारलं तर म्हणाले, "तुझ्यासारखे दर वर्षी एकदोन असतात." त्यांचीच पिल्लं आता वाढवायची. दहाबारा दिवसांत माश्या होतात, म्हणजे वेळ कसाबसा पुरेल.

आणि त्यांनी आणखी एक गोष्ट दिली. फोटो धुवायच्या जुन्या खोलीतली तांबडी काच, बशीएवढी. मायक्रोस्कोपच्या दिव्यापुढे लावली. तांबडे डोळे त्या उजेडात फिके पडले आणि तपकिरी काळे. रंग दिसला नाही, पण फरक दिसला. मी किती वेळ डोळा लावून बसलो होतो कुणास ठाऊक. काकांनी पाठीवर थाप मारली तेव्हा भान आलं. मोजपट्टीनं तीन दिवस शेजारी बसून सराव करून घेतला. किती गडद म्हणजे तपकिरी, ते नजरेत बसेपर्यंत पिच्छा सोडला नाही. भाषा तर विचारूच नका, लहान मुलाला शिकवावं तशी. पण मला ती शेजारी असली की बरं वाटतं. हे तिला सांगणार नाही.

१७ नोव्हेंबर

माश्या बाहेर पडल्या. परवा मोजणी. मॅडमना विचारलं, फेरमोजणी मोजपट्टी करेल ना? त्या नको म्हणाल्या. "तिनंच तुला शिकवलंय. तिची नजर आणि तुझी आता एकच झाली. नवा डोळा हवा." पण परीक्षेच्या सुट्ट्या लागल्यात, विभागात चिटपाखरू नाही. काकांना मोतीबिंदू आहे आणि मंजुरी देणाऱ्या मॅडमना स्वतः तपासता येत नाही. मी विचारात पडलोय, आणि त्यात आई म्हणते परवा मी येणार, तुला बघायला. येऊ दे म्हटलं.

१९ नोव्हेंबर

सविस्तर लिहितो.

तीनशे चाळीस माश्या. तांबड्या काचेतून मोजल्या, सकाळी आठ ते साडेअकरा. तांबड्या २६३, तपकिरी ७७. दोन काचेच्या तबकड्यांत वेगळ्या ठेवल्या, या वेळी ईथर इतकं दिलं होतं की एकही उठणार नव्हती. तिनास एकच्या बऱ्यापैकी जवळ. मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "आता तपासणार कोण?"

आई दाराजवळच्या स्टुलावर बसली होती, हातात पिशवी, पदर सारखा सावरत. मॅडमनी तिच्याकडे बघितलं. "तुम्ही काय करता?"

"शिवणकाम."

"किती वर्षं?"

"बावीस. कापड बघून दोरा निवडते. उन्हात न नेता."

"मग या, बसा," मॅडम म्हणाल्या. आईला वाटलं चेष्टा करतायत. मॅडम चेष्टा करत नव्हत्या. त्यांनी तांबडी काच काढली, तिला साधा दिवा लावून दिला, कुंचला हातात दिला आणि समोर खुर्ची घेऊन बसल्या. "या तबकडीत सगळ्या तांबड्या डोळ्यांच्या असायला हव्यात, त्या तबकडीत सगळ्या तपकिरी. एखादी चुकीची दिसली तर बोला. तीन चुका चालतील. चौथी निघाली तर ह्याचा प्रकल्प गेला, ऑनर्सही गेलं. तुम्ही आई आहात म्हणून आधीच सांगते, मदत करू नका."

आईनं माझ्याकडे बघितलं. मग डोळा लावला. तिनं मायक्रोस्कोप आयुष्यात कधी पाहिला नव्हता, पण पाच मिनिटांत कुंचला असा चालायला लागला की काका जवळ येऊन उभे राहिले. आधी तपकिरी तबकडी घेतली. सगळ्या बरोबर. मग तांबडी.

चाळिसाव्या माशीच्या आसपास म्हणाली, "ही तपकिरी आहे." मॅडमनी स्वतः बघून लिहून घेतलं. शंभराच्या पुढे आणखी एक. पुढे खूप वेळ काही नाही. मोजपट्टी खिडकीपाशी नखं खात उभी होती. दोनशेच्या सुमाराला तिसरी. तीन झाल्या. आईच्या कपाळावर घाम आला होता, तिनं तो पुसला नाही.

उरल्या होत्या पंधरावीस. कुंचला एका माशीपाशी थांबला.

आईनं तो ना उचलला ना पुढे नेला. माशी तिच्या कुंचल्याच्या टोकाशी होती. मॅडमना वरून काय दिसणार. सरकवली असती पुढे तर कुणालाही कळलं नसतं. मला मात्र तिचा खांदा ओळखीचा आहे. माझे खडू गुंडाळतानाही तो असाच वर गेलेला असणार. मी बोलू शकलो असतो, बोललो नाही. खरं सांगतो, मनातून मला ती माशी पुढे सरकायला हवी होती.

"हीपण तपकिरी आहे," आई म्हणाली. डोळा काढला नाही. "त्यानं तांबड्यात ठेवलीय. चुकलंय त्याचं."

मॅडम उठल्या, बघितलं, लिहिलं. "बरोबर आहे तुमचं," म्हणाल्या. आईनं उरलेल्या सगळ्या तपासल्या, एकही न सोडता. मग उठली आणि सरळ बाहेरच्या व्हरांड्यात गेली. मी गेलो तर भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "तुझं वर्ष घालवलं मी." दोघंही तिथे उभे राहून रडलो. काका दोन पेले पाणी ठेवून गेले.

२७ नोव्हेंबर

यादी लागली. ऑनर्समध्ये पाच जण राहिले. मोजपट्टी पहिली. ती माझ्यावरच चिडलीय, जणू मी मुद्दाम नापास झालो. "जानेवारीपासून शेजारी कोण बसणार?" म्हणते. साध्या वर्गाची प्रयोगशाळा एकच मजला खाली आहे, मी म्हटलं. तिनं पायऱ्या मोजल्या, बावीस निघाल्या.

मॅडमनी प्रयोगवही परत दिली. नामंजूर असा शिक्का आहे, आणि खाली पेन्सिलीनं लिहिलंय, 'जूनमध्ये पुन्हा अर्ज करावा.'

संध्याकाळी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, मशीनला तेल घातलं वगैरे. मग म्हणाली, "एक विचारू? मी त्या वेळी गप्प बसले असते तर?"

"तर मी पास झालो असतो," मी म्हटलं.

"हो ना."

"आणि जन्मभर विचारत राहिलो असतो, की बाकीच्या तीनशे छत्तीस तरी खरंच बरोबर होत्या का."

तिकडे मशीनचं चाक एकदा फिरल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "आता विचारायची गरज नाही ना. तू बघितल्यास त्या."

"बघितल्या," आई म्हणाली. "तीनशे छत्तीस बरोबर आहेत तुझ्या."